पोटाची तक्रार घेऊन आहारतज्ज्ञाकडे जाताना

पहिल्या भेटीला मी एक कागद घेऊन गेलो होतो. दोन वर्षांत स्वतःच्या मनाने बंद केलेल्या पदार्थांची यादी होती त्यावर: दूध, गहू, सगळी कडधान्यं, कांदा, कोबी, कॉफी आणि असंच बरंच काही, एकूण चौदा. एवढं पथ्य पाळणारा माणूस बघून मॅडम खूष होतील असं मला वाटत होतं. त्यांनी कागद शांतपणे वाचला आणि विचारलं, "बरं, आणि पोट?"

"तसंच आहे."

"मग यातलं परत काय काय सुरू करता येईल ते बघू."

मी गेलो होतो अजून काय सोडू ते विचारायला. आहारतज्ज्ञाकडे जाणारे बहुतेक जण याच समजुतीने जातात: तिथे 'हे खाऊ नका'ची यादी मिळते. पोटाच्या बाबतीत चांगल्या आहारतज्ज्ञाचं काम जवळपास उलटं असतं. कमीत कमी गोष्टी सोडून पोट कसं शांत राहील, ते शोधायचं. पोट फुगणं, गॅस, सतत मुरडा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ यांतलं काही तुमच्या मागे लागलं असेल आणि पहिल्यांदाच आहारतज्ज्ञाकडे जात असाल, तर पुढचं वाचा. मी बऱ्याच पायऱ्या उलट्या क्रमाने चढलो. तुम्ही सरळ चढा.

1. आधी डॉक्टर

आहारतज्ज्ञ रोगाचं निदान करत नाहीत. ते डॉक्टरांचं काम आहे आणि ते आधी झालेलं असावं. पुढच्यापैकी काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा: शौचातून रक्त, प्रयत्न न करता घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणं, रक्तक्षय, गिळताना अडकणं, थांबत नसलेली उलटी किंवा ताप, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार. वय पन्नाशीकडे झुकलेलं असताना तक्रार नव्यानेच सुरू झाली असेल, तरीही.

इथे एक सापळा आहे आणि मी त्यात पुरता अडकलो. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक आजारासाठी रक्ताची टीटीजी-आयजीए ही चाचणी करतात. ती शोधते ग्लूटेनला शरीराने दिलेली प्रतिक्रिया. तुम्ही गहू खातच नसाल तर प्रतिक्रिया ओसरते आणि आजार असूनही चाचणी 'नाही' म्हणू शकते. म्हणून चाचणीच्या आधी निदान सहा आठवडे रोज, एकाहून जास्त जेवणांत, ग्लूटेन पोटात जायला हवं. मी गहू आठ महिन्यांपूर्वीच सोडला होता. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि मला सहा आठवडे गहू खायला लावून मग रक्त घेतलं. सीलिअॅक निघाला नाही. पण गहू सोडायच्या आधीच चाचणी केली असती तर ते दीड महिन्याचं थांबणं वाचलं असतं. तेव्हा चाचणी होईपर्यंत गहू सोडू नका, कितीही मोह झाला तरी.

2. माणूस नीट निवडा

पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा शिक्षण आणि नोंदणी बघा. ब्रिटनसारख्या काही देशांत 'डाएटिशियन' हे नाव कायद्याने राखीव आहे, नोंदणी नसताना ते लावता येत नाही. 'न्यूट्रिशनिस्ट' मात्र तिथे कुणीही म्हणवून घेऊ शकतो. तुम्ही राहता तिथला नियम काय ते पाहा आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. दुसरं म्हणजे, वजन कमी करून देण्यात हातखंडा असलेला माणूस पोटाच्या कामाला योग्य असेलच असं नाही. फोनवरच विचारा: पोटाच्या तक्रारी असलेले रुग्ण नेहमी येतात का? फॉडमॅप आहार तुम्ही स्वतः तिन्ही टप्प्यांतून करवून घेता का? फॉडमॅप म्हणजे काय ते पुढे येईलच. तूर्त एवढंच, की 'तिन्ही टप्पे' हे शब्द ऐकून समोरचा अडखळला तर दुसरीकडे चौकशी करा.

कुठून काढता पाय घ्यावा, तेही सांगतो. पहिल्याच भेटीत पावडरी आणि गोळ्यांचे डबे समोर आले तर. तुमचं काही न ऐकता छापील तक्ता हातात पडला तर. आणि 'फूड इन्टॉलरन्स' म्हणून शंभर-दोनशे पदार्थांची आयजीजी रक्तचाचणी करायला सांगितली तर. आयजीजी प्रतिपिंडं बहुधा एवढंच सांगतात की तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे. तो तुम्हाला सोसत नाही, हे त्यावरून ठरत नाही. माझ्या चौदा पदार्थांपैकी सहा असल्याच एका अहवालातून आले होते. मी रोज खात होतो नेमके तेच सहा.

3. सात दिवसांची वही

सगळ्या तयारीत सर्वांत जास्त उपयोगी पडते ती ही वही, आणि नेमका हिचाच कंटाळा केला जातो. भेटीच्या आधी सलग सात दिवस लिहा, त्यात सुटीचे दिवसही येऊ द्या. या सात दिवसांत खाण्यात काही बदल करू नका. वही दाखवायची आहे म्हणून शहाण्यासारखं खाल्लं तर आहारतज्ज्ञाला दिसणारं पोट तुमचं नसेल.

पुढे गहू, दूध, कॉफी परत सुरू झाल्यावरच्या माझ्या वहीतली एक चांगली नोंद अशी:

"सकाळी 8:10. ब्रेडचे 2 स्लाइस, लोणी 1 छोटा चमचा, दूध घातलेली कॉफी 1 मग. 10:30 ला पोट फुगलं, 10 पैकी 4. 11:00 शौच, प्रकार 6, घाई झाली. रात्री झोप 5 तास."

आणि एक वाईट नोंद: "दुपारी नेहमीचं जेवण. थोडा त्रास." हिच्यातून काहीही कळत नाही.

'प्रकार 6' म्हणजे ब्रिस्टल तक्त्यातला क्रमांक. 1997 साली प्रसिद्ध झालेला हा तक्ता शौचाचे सात प्रकार दाखवतो. 1 म्हणजे सुट्या कडक गोळ्या, 7 म्हणजे निव्वळ पाणी. 3 आणि 4 चांगले समजतात. सुरुवातीला हे लिहायला संकोच वाटतो. पण 'पोट साफ होत नाही' या वाक्याचे दहा माणसांचे दहा अर्थ असतात, '1' या आकड्याचा एकच. किती वेळा होते तेही लिहा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा मोठा पट्टा सर्वसाधारण धरला जातो. रोज सकाळी एकदा झालीच पाहिजे, हा नियम पोटाने केलेला नाही.

या पदार्थाने त्या तक्रारीला जन्म दिला, असा निवाडा वहीत स्वतःच देऊ नका. अन्न तोंडापासून शेवटपर्यंत जायला बहुधा एक ते तीन दिवस घेतं. शिवाय जेवण पोटात पडलं की मोठं आतडं जागं होतं, म्हणून जेवल्यावर लगेच जावंसं वाटतं. बाहेर पडतं ते आत्ताचं जेवण नसतंच. मी कोबीला वर्षभर ज्या गुन्ह्याची शिक्षा देत होतो, तो बहुतेक आदल्या रात्रीच्या कुणीतरी केला होता.

4. सोबत काय न्यायचं

- सात दिवसांची वही
- डॉक्टरांचे कागद: रक्ताचे अहवाल, सोनोग्राफी किंवा एंडोस्कोपी झाली असेल तर तीही
- सगळ्या औषधांची आणि पूरक गोळ्यांची यादी, मात्रेसह. शक्य असेल तर पाकिटंच न्या
- गेल्या सहा महिन्यांतल्या वजनाचा अंदाज
- नेहमी खाण्यात येणाऱ्या पाकीटबंद वस्तूंच्या मागच्या घटकयादीचे फोटो
- आत्तापर्यंत काय काय सोडून पाहिलं, किती दिवस, आणि काय झालं
- तुम्हाला नेमकं काय हवंय, एका ओळीत

औषधांची यादी किरकोळ समजू नका. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होऊ शकतं, मॅग्नेशियम असलेल्या अँटासिडने पोट सैल होतं, मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने जुलाब होणं नेहमीचं आहे. दोष गोळीचा असेल तर ताटातलं काहीही काढून फरक पडत नाही. मात्र गोळी बंद करायची की बदलायची, हे डॉक्टरच ठरवतील.

शेवटच्या ओळीबद्दल: 'पोट बरं व्हावं' असं लिहू नका. मी लिहिलं होतं, 'दोन तासांच्या मीटिंगमध्ये उठून जावं लागू नये.' सहा महिन्यांनी मोजायला ते बरं पडलं.

5. पहिली भेट

साधारण पाऊण ते एक तास धरा. बहुतेक वेळ प्रश्नांतच जातो. झोप, कामाच्या वेळा, घरी स्वयंपाक कोण करतं, किती भरभर जेवता, ताण. यातलं काही विषयाबाहेरचं वाटलं तरी खरं सांगा.

माझ्या वहीत एका ठिकाणी 'थोडं सरबत' असं होतं. मॅडमनी टेबलावर तीन आकारांचे पेले मांडले आणि म्हणाल्या, "थोडं म्हणजे यातलं कोणतं?" मी मधला दाखवला. त्यांनी त्यात पाणी ओतलं, मोजपात्रात उलटलं: 180 मिलिलिटर. माझ्या लेखी ते दोन घोट होते.

मग त्यांनी विचारलं, "तोंडात काय आहे?"

च्युइंगम होतं. बिनसाखरेचं. सिगारेट सोडल्यापासून दिवसाला आठ-दहा तरी होत असत. वहीत त्याचा पत्ताही नव्हता, कारण च्युइंगम कुणी 'खात' नाही. त्यांनी पाकीट मागून घेतलं आणि घटकयादीतल्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं: सॉर्बिटॉल. हा गोडवा लहान आतड्यात नीट शोषला जात नाही. तो पुढे सरकताना पाणी ओढून घेतो आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचा गॅस करतात. त्याच पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'अति सेवनाने जुलाब होऊ शकतात.' 2008 साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशा दोन रुग्णांची हकीकत छापली आहे. च्युइंगम आणि चघळायच्या गोड गोळ्यांतून रोज 20 ते 30 ग्रॅम सॉर्बिटॉल पोटात जाऊन त्यांचं वजन धडाधड उतरलं होतं, आणि कारण सापडेपर्यंत तपासण्यांवर तपासण्या झाल्या होत्या. माझी मात्रा त्यांच्या निम्मीही नव्हती. पण गहू, दूध, कांदा सोडून बसलेल्या माणसाने दिवसभर तेच चघळत बसावं, याचं मॅडमना हसू आवरेना. मला आवरलं.

म्हणून सांगतो, वहीत च्युइंगम, खोकल्याच्या गोळ्या, पेयं, चव बघताना तोंडात टाकलेलं, सगळं येऊ द्या.

6. आधी कंटाळवाणे उपाय

पहिल्या भेटीनंतर फार मोठं काही हाती लागत नाही. वेळेवर जेवा, जेवण चुकवू नका, सावकाश चावा, पाणी पुरेसं प्या, चहा-कॉफी दिवसाला तीन कपांपेक्षा जास्त नको, ताजी फळं एका वेळी साधारण 80 ग्रॅम, दिवसातून तीनदा. ऐकून माझा चेहरा पडला होता. हे सांगायला तज्ज्ञ कशाला? पण आतड्याच्या संवेदनशीलतेच्या तक्रारीत, म्हणजे आयबीएसमध्ये, पहिली पायरी हीच असते आणि पुष्कळांचं काम इथेच भागतं. चार आठवडे प्रामाणिकपणे करा. माझं पोट निम्मं इथेच शांत झालं. त्यात च्युइंगम सुटल्याचा वाटा किती आणि रोज सकाळी खाऊन बाहेर पडण्याचा किती, हे मला सांगता येणार नाही, कारण मी दोन्ही एकाच दिवशी सुरू केलं. हीसुद्धा चूकच. एका वेळी एक बदल.

तंतूंबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण गोंधळ इथे फार. मोठ्या माणसाला दिवसाला निदान 25 ग्रॅम तंतू हवेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हे वाचून माणूस सोमवारी कोंडा खायला लागतो आणि बुधवारी पोटाचा नगारा होतो. तंतू वाढवायचे ते काही आठवड्यांत, हळूहळू, आणि सोबत पाणीही वाढवायचं. तंतूही दोन तऱ्हेचे. इसबगोल आणि ओट्समधले विरघळणारे तंतू पाणी धरून मऊ लगदा करतात आणि संवेदनशील पोटाला बहुधा मानवतात. गव्हाचा कोंडा हा न विरघळणारा, आणि आयबीएसमध्ये त्याने त्रास वाढू शकतो. 'तंतू खाऊन पाहिले, जमले नाहीत' असं म्हणण्याआधी कोणते आणि किती, ते आठवून पाहा.

7. वगळायचं, पण मुदत ठरवून

एवढं करूनही त्रास उरला तर फॉडमॅपचा विषय निघतो. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि पुढे आंबणाऱ्या काही साखरा आणि कर्बोदकं यांचं हे एकत्रित नाव. ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झाली. कांदा, लसूण आणि गव्हातली फ्रुक्टन, कडधान्यांतली गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, दुधातलं लॅक्टोज, मधातलं जादा फ्रुक्टोज, आणि सॉर्बिटॉल-मॅनिटॉलसारखे पॉलिऑल, असे त्यात गट आहेत.

पहिल्या टप्प्यात हे सगळेच गट कमी करतात. मुदत दोन ते सहा आठवडे. तारीख वहीत लिहून ठेवा, कारण इथला सापळा सगळ्यांत खोल आहे: पोटाला बरं वाटायला लागतं आणि माणूस तिथेच मुक्काम ठोकतो. वर्षभर तसंच खाल्लं तर कॅल्शियम आणि तंतू कमी पडतात, आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्यही तुटतं. सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. सोडून द्या, जास्त कडक करू नका. गरोदर बाई, लहान मूल, वजन आधीच कमी असलेली व्यक्ती किंवा खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेलेला माणूस, यांनी हे स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नये.

या काळात मला आवडलेली एक युक्ती. फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या की तेलाला वास-चव राहते आणि त्रास देणारा भाग पाकळीबरोबर जातो. रश्श्यात शिजवून पाकळ्या काढल्या तर मात्र उपयोग नाही, जे उतरायचं ते रश्श्यात उतरलेलं असतं. असं तेल लागेल तेवढंच, ताजं करा. ते साठवून ठेवणं धोक्याचं आहे. कडधान्यं भिजवलेलं पाणी ओतून टाकलं तर त्यांच्यातला त्रासाचा भागही काही प्रमाणात कमी होतो, तोही याच न्यायाने.

8. परत आणायचं

हा दुसरा टप्पा. खरी परीक्षा इथे असते आणि इथे आहारतज्ज्ञ सोबत हवाच. एका वेळी एकच गट, त्यातला एकच पदार्थ, तीन दिवस, वाढत्या मात्रेने. दुधाचं उदाहरण: पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक. त्रास झाला की तिथेच थांबायचं. मग दोन-तीन दिवस पोट शांत होऊ द्यायचं आणि पुढचा गट. पास झालेला पदार्थही सगळ्या चाचण्या संपेपर्यंत रोजच्या जेवणात आणायचा नाही, नाहीतर पुढच्या चाचणीत कोण बोललं ते कळत नाही.

पदार्थ निवडताना चूक होते. सफरचंद घेतलं तर त्यात जादा फ्रुक्टोजही असतं आणि सॉर्बिटॉलही. त्रास झाला तर दोष कुणाला द्यायचा? फ्रुक्टोजसाठी मध, लॅक्टोजसाठी दूध, मॅनिटॉलसाठी मशरूम असे एकेकटे साक्षीदार बोलवावे लागतात. लसूण, कांदा आणि गहू यांत फ्रुक्टन असले तरी तिघांची चाचणी वेगळी घ्या. मला गहू सोसला, कांदा एका चकतीपर्यंत सोसला, लसूण नाही.

दुसरी गोष्ट, चाचणीत 'नापास' याचा अर्थ कायमची बंदी असा नाही. लॅक्टोज नीट न पचणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे एक कप दूध चालतं. प्रश्न मात्रेचा असतो. चाचणीच्या तीन दिवसांत लग्नकार्य, प्रवास, परीक्षा किंवा मासिक पाळी येत असेल तर चाचणी पुढे ढकला. पोट तेव्हा आपल्या इतर कारणांनी बोलत असतं.

मधाच्या चाचणीला मी घाबरलो होतो. चमचा हातात धरून पाच मिनिटं उभा होतो, कारण दोन वर्षांत मधाला मी विषाच्या जागी नेऊन बसवलं होतं. काहीही झालं नाही. हे मॅडमना कळवलं तेव्हा त्यांचं उत्तर दोन शब्दांचं आलं: "पुढचा गट."

9. पुढच्या भेटी

पुढच्या भेटी अर्ध्या तासाच्या असतात. सुरुवातीला तीन-चार आठवड्यांनी, मग लांबत जातात. जमलं नसेल तर तसं सांगा. मी एकदा आठवडाभर काहीच पाळलं नव्हतं आणि वही आदल्या रात्री बसून भरली. सातही दिवस एकाच पेनने, एकाच उतरत्या अक्षरात. त्यांनी ती बघून नुसतं विचारलं, "हा आठवडा सोडून देऊ या का?"

दोन भेटींच्या मधे प्रश्न कुठे विचारायचे, संदेश पाठवला तर चालतो का, त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. घरात स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर एका भेटीला त्यांना सोबत न्या. निरोप्याचं काम तुम्ही केलंत तर निरोप हमखास चुकतो. प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणू असलेलं उत्पादन, घ्यायचं ठरलं तर एकच प्रकार घ्या, निदान चार आठवडे, आणि फरक नसेल तर थांबवा.

तिसरा टप्पा म्हणजे सोसतं ते रोजच्या जेवणात परत आणणं. नापास झालेल्या गोष्टी काही महिन्यांनी पुन्हा तपासायच्या असतात, कारण सोसण्याची मर्यादा बदलते. माझ्या चौदातला आता एकच उरलाय, लसूण. शिवाय त्या यादीत कधीच नसलेलं बिनसाखरेचं च्युइंगम. सॉर्बिटॉलच्या भीतीने सफरचंद अजून मोकळेपणी खात नाही. त्याची फेरी पुढच्या महिन्यात आहे, पहिल्या दिवशी दोन फोडी.